बाळी हे नाव नव्हतं

आमच्या मुलीला घरात सगळे बाळी म्हणतात. शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव आहे, लग्नात तेही बदललं, पण हाक मारायची ती बाळी अशीच. हे तिचं नाव नव्हतं. नव्हतं, हे मला ती घरी आल्याच्या दहाव्या दिवशी कळलं आणि पुढची सव्वीस वर्षं मी ते कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही, तिला तर नाहीच. मी मुळात कमी बोलणारी. त्यामुळे मी काही लपवते आहे असा संशयही कुणाला आला नाही.

बहात्तर सालची गोष्ट. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. श्रावण लागला, पंचमीचे झोके बांधले गेले, तरी आभाळ पांढरंच. मी म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेत दुसरीला शिकवत होते. नवरा एका गिरणीच्या दवाखान्यात कंपाउंडर. लग्नाला आठ वर्षं झाली होती. तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा चौथ्या महिन्याच्या आत सगळं संपलं. त्याविषयी घरात बोलणं नसे. सासूबाई करकंबहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या फक्त माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा ठेवत, एवढंच.

आदल्या वर्षी पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा नवरा काही डॉक्टरांबरोबर तिकडच्या छावणीत चार महिने औषधं द्यायला गेला होता. परत आला तो निम्मा होऊन. पुढे युद्ध झालं, नवा देश झाला, आणि छावणीतल्या ओळखीच्या एका नर्सबाईंचं ढाक्याहून पत्र आलं. बालगृहात लेकरं फार झाली आहेत, न्यायला कुणी नाही. नवऱ्याने पत्र मला वाचायला दिलं. मी वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"आणू का?" तो म्हणाला.

"आणा."

आमच्यात एवढंच बोलणं झालं.

सासूबाई मात्र बोलल्या. कागदपत्रांना पाच महिने लागले, ते पाच महिने त्या बोलतच होत्या. "माझ्या धाकल्याचं घ्या की एक मांडीवर. घरातलं रगात हाय. परमुलखातनं लेकरं आणत्यात व्हय कुटं? बाजारातनं कोंबडं आणल्यागत!"

ती आली त्या दिवशी दुपार होती. गिरणीचा तीनचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला आणि नवऱ्याच्या खांद्यावर एक काळं डोकं दिसलं. त्या दिवसांतलं सगळं मला पाण्याखालून बघितल्यासारखं आठवतं. ऊन इतकं की भिंती विरघळून मागे सरकल्यासारख्या वाटत. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना विणकरांची घरं. दिवसभर मागांची खटक-खटक चाले, ती इतकी सवयीची की ऐकू यायची नाही. तिच्या येण्याच्या वेळी मात्र ती मला ऐकू आली. सगळी गल्ली एकाच छातीने श्वास घेते आहे असं वाटलं.

कागदावर लिहिलं होतं, वय अंदाजे अडीच. आई-वडील, माहिती नाही. नावाच्या जागी बालगृहातल्या बायकांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण त्याला ती ओ देत नव्हती.

"गाडीत तीन दिवस विचारतोय," नवरा म्हणाला. "नाव काय, नाव काय. एकच सांगते. बाळी."

सासूबाई ओट्यावर पाठ करून बसल्या होत्या. मुलीने त्यांच्या पाठीकडे बघितलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "पानी."

सासूबाई गर्रकन वळल्या. "अगं बया! पाणी म्हणती की! मराठी हाय पोरगी!"

"आई, त्यांच्यातही पाण्याला तसंच म्हणतात," नवरा म्हणाला.

"तू गप. मला शिकवू नगंस." त्या पुढे सरकल्या आणि परीक्षा घ्यायला लागल्या. "नाक कुटं हाय गं तुजं? नाक?"

मुलीने नाकावर बोट ठेवलं.

"कान?"

कानावर बोट.

"हात?"

तिने दोन्ही हात पुढे केले. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू पाच महिने मीच या मुलीच्या विरोधात बोलत होते. "बघ! सगळं येतंय. उगंच म्हनं परमुलूख!"

नाक, कान, हात हे शब्द बंगालीतही तेच, हे नवऱ्याने मला नंतर सांगितलं. सासूबाईंना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांच्यापुरती ती करकंबची झाली होती.

माझ्याकडे मात्र ती येईना.

शाळेतून मी पंधरा दिवसांची रजा काढली होती. बाळंतपणाची मागावी तर बाळंतपण झालं कुठे? हेडमास्तरीणबाईंनी कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' असं लिहायला लावलं. त्या पंधरा दिवसांत या मुलीने मला आई म्हणावं असंही नाही, नुसतं माझ्या कडेवर आपणहून यावं, एवढंच मला हवं होतं. नवऱ्याशी तिची तीन दिवसांच्या गाडीची ओळख होती. सासूबाईंच्या हातचं ती खात होती. मी जवळ गेले की ती अंग घट्ट करी. रडत नसे, लाकूड होऊन जाई. लाकूड उचलून मी आत नेत असे, ठेवत असे. सकाळ झाली की ती आपल्या चपला हातात घेऊन उंबऱ्यावर बसे, तोंड गल्लीकडे, पाठ आम्हांला. चपला ती पायांत घालत नसे. हातातच धरी.

एकच वेळ अशी होती की ती मऊ होई. नळाला एक दिवसाआड तासभर पाणी येई. त्यातलं अर्धं घंगाळ मी तिच्यासाठी ठेवत असे. पितळेच्या घंगाळात तिला बसवलं की ती हात पसरून पाण्यावर तळवे आपटी, हळूहळू, एका लयीत. ती लय आमच्या मागांची नव्हती. कुठल्या तरी मोठ्या पाण्याची होती, ज्याला पलीकडचा काठ दिसत नसेल. मी सोलापूरची, उन्हाळ्यात तळाची भेगाळलेली माती दाखवणाऱ्या तळ्यांची. मी तिच्या मागे बसून त्या पितळेतल्या चार बोटं पाण्याकडे बघत राहायची. तिच्या पाठीवरून थेंब ओघळत, आणि मला वाटे, मी झोपले आहे आणि हे पोर मला स्वप्नात पडलं आहे, हललं तर मोडेल. मग पाणी निवे. मी तिला उचलायला जाई आणि ती पुन्हा लाकूड.

एरवी ती दोनच शब्द बोलायची. "बाळी जाबो." उंबऱ्यावर बसून, अगदी हळू, कुणाला उद्देशून नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याचा अर्थ लावला.

"आगं, जेवू म्हणती ती! बाळी जेवू! बोबडी हाय अजून, म्हणून जाबो." आणि ताबडतोब ताटलीत भात कालवून आणला.

मुलीने भाताकडे बघितलं. मग सासूबाईंकडे. मग तोंड उघडलं.

त्या दुष्काळाच्या साली तांदूळ म्हणजे चैन होती, आम्ही रेशनच्या लाल ज्वारीवर होतो. पण सासूबाईंनी डब्यातला सणासुदीचा तांदूळ बाहेर काढला, तो परत आत गेला नाही. मुलगी म्हणे, "बाळी जाबो," की आला भात. ती रडत म्हणे, तरी भात. दिवसातून सहा-सहा वेळा. "लई पोटाची हाय गं बाई माजी!" सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या. "जेवू बिगर दुसरं बोलतच न्हाय!"

एका सकाळी ओट्यावर सभाच भरली. शेजारच्या अक्का मांडीवर सुताच्या कांड्या घेऊन बसल्या होत्या. त्यांचा माग, त्यांची बोली तेलुगू. मुलगी नेहमीप्रमाणे पुटपुटली आणि अक्कांनी कान टवकारले.

"ती बडि म्हणतीया ओ! आमच्यात बडि म्हंजे शाळा. टीचरबाईची लेक ना, शाळंलाच जाणार की!"

दूधवाली दुधनीकडची, कानडी बोलणारी. तिने चरवी खाली ठेवली. "शाळा न्हवं. बडी म्हंजे आमच्यात मारणं. कुणी मारलंय काय लेकराला? का ओ बाई, तुमी काय हात उचलला का काय?"

"मी कशाला हात उचलू," मी म्हणाले.

बांगडीवाले चाचा पेटी उघडून बसले होते. "अरे नक्को वो. बडी बोल रई. मैं बडी हो गई बोल रई बच्ची. बडी हो गई तो चुडियां होना!" आणि त्यांनी दोन इवल्या लाल बांगड्या काढल्या.

"गप बसा रं समदी," सासूबाई म्हणाल्या. "कानातली बाळी आसती न्हवं, तसलं नाव हाय तिचं. बाळी. ग्वाड नाव. नस्ता फाटा फोडू नगा."

सगळे हसले. चाचांनी बांगड्या चढवल्या. मुलगी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. अक्कांच्या, दूधवालीच्या, चाचांच्या. प्रत्येकाच्या तोंडून तिचा शब्द निघत होता. तिने हातातल्या चपला घाईघाईने जमिनीवर मांडल्या आणि पाय घातले, उलटे, डावा उजव्यात. मग उभी राहून वाट बघायला लागली. कुणी उठलं नाही. दूधवालीने चरवी उचलली आणि ती एकटीच निघून गेली.

तेव्हा मला त्यात काही कळलं नाही. मी हसले होते. नवी बांगडी मिरवायला निघाली ठुमकत, असं वाटलं मला.

नवरा म्हणाला, "रेल्वे लाइनीत एक बंगाली गार्ड आहेत. त्यांच्या मिसेसकडे घेऊन जा एकदा. नीट विचारून ये नाव. म्युनिसिपालिटीत नोंद करायचीय, चुकायला नको." त्याची ड्यूटी होती. दहाव्या दिवशी सकाळी मी एकटीच मुलीला घेऊन टांग्यातून गेले. पर्समध्ये कागद आणि पेन्सिल घेतली, जे सांगतील ते लिहून आणायला.

तिथे कडुनिंबाखाली बैठी घरं. दार उघडलं आणि मोहरीच्या तेलाचा वास अंगावर आला. आम्ही करडईच्या तेलातली माणसं, मी तोंड बाजूला वळवलं. मुलीने मात्र मान वर केली. बाई माझ्याच वयाच्या, हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या. त्यांनी तिच्याकडे बघून दोन शब्द उच्चारले, आणि दहा दिवस लाकूड असलेलं ते पोर माझ्या कडेवरून घसरून खाली उतरलं, पळत गेलं आणि त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारून उभं राहिलं. लुगड्यात तोंड खुपसून.

"नाम पूछना है," मी माझ्या परीक्षेपुरत्या हिंदीत म्हणाले. "नाम बाळी है ना?"

त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली तेच, जे आम्हांला सांगायची.

बाईंचा चेहरा बदलला. "नाम नहीं है दीदी. बाडी माने घर. बोलता है, घर जाएगा."

मी पेन्सिल हातात घेतलेली होती.

घर जाईन. उंबऱ्यावर बसून ती घरी जाईन म्हणत होती, आणि आम्ही तिला भात भरवत होतो. नाव म्हणून आम्ही दिवसभर तिला 'घर, घर' अशी हाक मारत होतो आणि ती प्रत्येक हाकेला दाराकडे बघत होती.

बाई तिला मांडीवर घेऊन बसल्या. मग जे झालं ते मी कधी विसरले नाही. मुलगी बोलायला लागली. दहा दिवसांत आमच्याकडे मोजके शब्द बोललेली मुलगी, नळाला अचानक पाणी यावं तशी धो धो बोलायला लागली. हातवारे करत, मध्येच हसत. तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. पुढच्या दातांत फट होती. दहा दिवसांत ती मला दिसलीच नव्हती.

"नानी का बात बोल रहा है," बाई सांगत होत्या. "नानी के पास सोता था. रुकिए, गाँव पूछती हूँ. हम लोग का बाडी भी उधर ही था, पार्टिशन के पहले. नाम सुनने से ज़िला समझ जाएगा."

त्यांनी विचारलं. मुलीने एक शब्द सांगितला. बोट तोंडात होतं, बाईंना नीट ऐकू आला नाही. त्या वाकल्या आणि लाडाने म्हणाल्या, "आबार बोलो तो, मा."

मा.

बंगाली माणसं छोट्या मुलीलाच लाडाने मा म्हणतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. मला वाटलं, ही बाई स्वतःला मा म्हणवून घेते आहे. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या मुलीकडून.

मी उठले. "टांगा रुका है," म्हणाले. टांगा कुठे पळून जात नव्हता, टांगेवाला निंबाखाली घोरत होता. मी मुलीला उचललं. तिने बाईंच्या लुगड्याचा काठ धरून ठेवला होता, तो मी बोट-बोट करून सोडवला. ती किंचाळली. पुन्हा तोच शब्द, घर जाईन, पण आता मला त्याचा अर्थ कळत होता.

"कल फिर लाइए दीदी," बाई दारापर्यंत आल्या. "रोज लाइए. सब पूछ लेगा धीरे-धीरे."

"हां," मी म्हणाले.

तिने सांगितलेला शब्द बाईंना ऐकू आला नव्हता. मला आला होता. मी रोज साठ मुलींना शुद्धलेखन घालणारी बाई, एकदा कानावर पडलेला शब्द मी विसरत नसे. तीन अक्षरं होती. टांग्यात ती मला आठवत होती. संध्याकाळी आठवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवतानाही आठवत होती. कागद पर्समध्ये कोरा होता आणि मी त्यावर तो शब्द लिहिला नाही. नानी तिथे जिवंत असेल, तर ती मागायला येईल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. ती येऊ नये म्हणून मी एक गाव विसरायला बसले.

"काय म्हणाल्या?" नवऱ्याने विचारलं.

"नावच आहे," मी म्हणाले. "बाळी."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" तो इतका खूश झाला की सासूबाईंनी त्याही दिवशी भात लावला.

पुढचं सांगायला मला जड जातं. विसरणं, खोटं बोलणं, हे भीतीपोटी झालं असं म्हणता येईल. हे भीतीपोटी नव्हतं. दुसऱ्या दुपारी सासूबाई डुलकी काढत होत्या, मुलगी उंबऱ्यावर होती. मी तिला उचलून आत घेतलं, पुढचं दार लोटलं, कडी घातली, आतल्या खोलीत जाऊन जमिनीवर बसले, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "बाडी." आमच्यासारखं ळ लावून नाही. त्या बाईंनी उच्चारलं होतं तसं, जीभ टाळूला चाटून सोडून. शब्द नीट उच्चारणं हे तर माझं कामच होतं.

तिने वळून बघितलं. बंद दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. बराच वेळ. कौलातल्या काचेतून उन्हाची एक तिरीप आमच्या दोघींच्या मधे पडली होती आणि त्यात सुताचा कापूस तरंगत होता, शेजारच्या मागांवरून उडून आलेला. गल्लीचा तो श्वास चालूच होता. मी पुन्हा म्हणाले, "बाडी." ती एक पाऊल आली. तिरीप तिच्या पोटावर आली, मग पायांवर, मग मागे राहिली. ती माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, हा शब्द यातून कसा निघाला म्हणून.

रोज दुपारी मी हेच करत होते. दार लावायचं, हात पसरायचे, घर म्हणायचं. तिसऱ्या दिवशी ती मांडीत येऊन बसली. तिच्या केसांना आता आमच्या शिकेकाईचा वास येत होता. मी हलले नाही. ती माझ्या दंडाला टेकून झोपली तेव्हा माझ्या पायांना मुंग्या आल्या, बाहेर चारचं दूध आलं, सासूबाई उठून भांडी वाजवायला लागल्या, आणि मी त्या अर्धवट उजेडात बसून होते. इतकी सुखी मी पुन्हा कधी झाले नाही, तिच्या लग्नातही नाही. ते सुख खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. म्हणायला हवं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी सासूबाई रेशनच्या रांगेत गेल्या होत्या. दारावर टकटक झाली.

"दीदी? दीदी, हैं?"

त्या बाई आल्या होत्या. पत्ता विचारत विचारत, उन्हातून, रेल्वे लाइनीतून. मी मुलीला घेऊन आतल्या खोलीत होते. मी श्वास धरला. त्यांनी फटीतून आत डोकावून बंगालीत हाक मारली, गोड, लांबट. मुलगी माझ्या मांडीतून उठली. पळत पुढच्या खोलीत गेली, दाराला दोन्ही तळवे लावून उभी राहिली. दाराच्या अलीकडे ती, पलीकडे त्या. मधे एक कडी, तिच्या हातभर वर.

मी आतून, अगदी हळू, म्हणाले, "बाडी."

ती वळली. मला अजून दिसतं ते वळणं. तळवे आधी दारावरून सुटले, मग मान, मग सगळी ती. बाहेरून पुन्हा हाक आली. तिने मागे बघितलं नाही. ती चालत माझ्याकडे आली, माझ्या गळ्यात हात घातले आणि तोंड माझ्या खांद्यावर टेकवलं. आपणहून.

शेजारून अक्कांचा आवाज आला, "गावाला गेल्यात वाटतं ओ, करकंबला." त्यांना कडी आतून आहे हे दिसत नव्हतं, की दिसत असूनही त्या तसं म्हणाल्या, कुणास ठाऊक. पावलं दूर गेली. ओट्यावर एक पुडी ठेवलेली मिळाली, मुरमुऱ्यांची, खोबऱ्याचे काप घातलेली. ती अक्कांनी दिली असं मी सासूबाईंना सांगितलं.

दसऱ्याच्या सुमारास गार्डसाहेबांची बदली झाली. कुठे, ते मी विचारलं नाही.

दिवाळीपर्यंत मुलगी सासूबाईंच्या बोलीत बोलायला लागली. "मी न्हाय जा," म्हणायची. "लई ग्वाड हाय," म्हणायची. आणि भूक लागली की, "बाळी जेवू." खरोखरच जेवू. तोंडाकडे घास नेत. पहिल्यांदा ती असं म्हणाली तेव्हा सासूबाई हसल्या, "दुसरं हाय काय तुला!" आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा तांब्या उगीच लागोपाठ तीनदा विसळला, दुष्काळात. बाळी म्हटलं की ती आता दाराकडे बघत नव्हती. स्वतःकडे बोट दाखवत होती.

सासूबाई गेल्या, नवऱ्यालाही तीन वर्षं झाली. मी त्रेपन्न वर्षांची आहे. मुलगी लातूरला असते. आपण कुठून आलो हे तिला पहिल्यापासून माहीत आहे, ते आम्ही कधी लपवलं नाही. नवऱ्याने कागद तिच्या हातात दिले होते, दोन देशांच्या शिक्क्यांचे. लपवलं ते मी, जे कागदांवर नव्हतं.

गेल्या मे महिन्यात ती तिच्या लेकीला घेऊन राहायला आली. लेक दीड वर्षाची, बोलायला शिकतेय. दुपारी तिघी लोळत होतो आणि ती सहज म्हणाली, "आई, मी पहिला शब्द कुठला बोलले गं?"

मी सांगितलं. सगळं. टांगा, मोहरीचं तेल, लुगड्याचा काठ, दाराची कडी. नात तिच्या बांगड्या ओढत होती.

"आणि गावाचं नाव?" तिने शेवटी विचारलं.

"आठवत नाही."

"आठवत नाही की सांगत नाहीस?"

"आठवत नाही. आता खरंच नाही. तीन अक्षरं होती."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे गेली. महिनाभर काही नाही. मग एका रविवारी फोन आला. तिने कुठूनसा तिकडच्या देशाचा मोठा नकाशा मिळवला होता, जिल्ह्या-जिल्ह्याचा, गावं दाखवणारा. "मी वाचते," ती म्हणाली. "तू ऐक. तुला ऐकून आठवेल." आणि वाचायला लागली. मी नेहमी वर्गात वाचायची तशी, एकेक शब्द सुटा. "हे?" नाही. "हे?" नाही. तेव्हापासून दर रविवारी सकाळी एक पान. नद्याच नद्या आहेत तिकडे, म्हणते ती, गावं त्यांच्या काठाने मण्यांसारखी. तिच्या आवाजात ती नावं ऐकताना मला डोळे मिटावेसे वाटतात. कधी कधी मी मिटतेही, आणि ती थांबते, "आई, आहेस ना?" आहे.

मी प्रत्येक नावाला नाही म्हणाले आहे. बहुतेक नावांना ते खरं होतं.

येत्या रविवारी ती पुढचं पान काढेल. त्याआधी, आज, हे लिहून झालं की मीच तिला फोन करणार आहे. काय सांगायचं ते इथे आधी लिहून ठेवते, कारण तोंडाने बोलताना माझी जीभ पुन्हा वळेल, मी स्वतःला ओळखते. मागच्या रविवारचं पान, बाळी. नदीच्या पूर्वेकडच्या काठावर, वरून चौथं गाव. तू वाचलंस आणि मी नाही म्हणाले. तेच होतं.